कर्नल अपडेटनंतर बोर्ड सुरू होत नाही : वाचकांचे प्रश्न

सिंगल-बोर्ड संगणकांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत वाचायला मिळते : लिनक्स अद्ययावत केले, बोर्ड पुन्हा सुरू केले, आणि ते सुरूच झाले नाही. बहुतेक पत्रलेखकांनी त्यानंतर प्रणाली असलेले एसडी कार्ड पुसून नवी प्रणाली टाकली आहे, किंवा ते टाकण्याच्या बेतात आहेत. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की कार्ड पुसू नये. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलल्याने कार्डावरची माहिती जात नाही, कार्ड पुसल्याने मात्र ती नक्की जाते. आणि बोर्ड नेमके कोणत्या टप्प्यावर अडले आहे हे एकदा कळले, की दुरुस्ती बहुधा दोन-तीन फाइलींपुरतीच उरते.

डेस्कटॉप संगणकाची सवय असलेल्यांना हा बिघाड बुचकळ्यात टाकतो, कारण तिथे ग्रब नावाचा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) जुन्या कर्नलची नावेही पडद्यावर मांडतो आणि नवे चालले नाही तर जुने निवडता येते. बोर्डावर असा मेनू सहसा नसतो. शिवाय कोणते उपकरण कुठे जोडले आहे हे पीसीचे फर्मवेअर एसीपीआय तक्त्यांतून कर्नलला सांगते, तर या एआरएम बोर्डांवर ते काम डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फाइलीकडे असते. त्यामुळे कर्नल, त्याची मॉड्यूल्स (गरजेनुसार जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे भाग), डिव्हाइस ट्री आणि अनेक ठिकाणी इनिट-रॅम-एफएस (सुरू होताना कर्नल स्मृतीत उघडते ती छोटी, तात्पुरती फाइलप्रणाली) अशा चार गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि अपडेट अर्धवट राहिले की त्यांतली एखादी मागे पडते.

फाइलींची आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत लिहावीत.

प्रश्न : द्राक्षबागेतील ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह आम्ही रास्पबेरी पाय ४ वरून चालवतो. त्यावर रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म ही ६४-बिट आवृत्ती आहे. अपडेट चालू असतानाच वीज गेली. वीज परत आल्यापासून बोर्ड सुरू होत नाही. हिरवा दिवा सात वेळा लुकलुकतो, थोडा थांबतो आणि पुन्हा सात वेळा लुकलुकतो. मंडळातील जाणकारांनी बोर्ड जळाल्याचे सांगितले. ते खरे आहे का? (सांगली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : बोर्ड जळालेले नाही, आणि त्याचा पुरावा तो दिवाच देत आहे. रास्पबेरी पायवरचा हिरवा दिवा ठरावीक संकेत देतो. चार वेळा लुकलुकला तर 'स्टार्ट' नावाची फर्मवेअर फाइल सापडली नाही, सात वेळा लुकलुकला तर कर्नलची फाइल सापडली नाही, आणि दोनदा लांब व एकदा आखूड लुकलुकला तर पार्टिशन फॅट प्रकारचे नाही, असा अर्थ होतो. आठ वेळा लुकलुकला असता तर स्मृतीच्या चिपमध्ये दोष समजावा लागला असता आणि बोर्डाबद्दल काळजी करण्याचे कारण होते.

सात हा आकडा आणखीही काही सांगतो. पाय ४ मधला पहिला बूटलोडर बोर्डावरच्या ईईप्रॉम चिपमध्ये असतो. तो कार्ड वाचतो, त्यावरचे फॅट पार्टिशन उघडतो आणि 'स्टार्ट४.ईएलएफ' ही फाइल चालवतो. ती फाइल 'कॉन्फिग.टीएक्सटी' वाचून मग कर्नल शोधते. (पाय ५ मध्ये हा 'स्टार्ट' भागही ईईप्रॉममध्येच गेला आहे, त्यामुळे त्याच्या कार्डावर ही फाइल लागत नाही.) म्हणजे आपले बोर्ड, कार्ड, पार्टिशन आणि फर्मवेअर इथवरचा सारा रस्ता ठीक आहे. वीज गेली तेव्हा 'कर्नल८.आयएमजी' ही फाइल फॅट पार्टिशनवर उतरवली जात असावी आणि ती अपुरी राहिली असावी. फॅट ही साधी फाइलप्रणाली आहे. लिहिणे मध्येच तुटले तर पूर्वस्थितीला परतण्याची सोय तिच्यात नाही.

दुरुस्तीसाठी लिनक्स असलेला दुसरा संगणक किंवा दुसरी रास्पबेरी पाय आणि यूएसबी कार्ड-रीडर लागेल. विंडोजमध्ये कार्डाचे पहिले, 'बूटएफएस' नावाचे पार्टिशनच उघडते. आपल्याला हवी असलेली फाइल दुसऱ्या, म्हणजे 'रूटएफएस' पार्टिशनवर आहे, आणि ते विंडोजला आपणहून वाचता येत नाही. कार्ड जोडल्यावर कशालाही हात लावण्यापूर्वी 'डीडी' आज्ञेने संपूर्ण कार्डाची प्रत एका फाइलीत उतरवून घ्यावी. यानंतर काही चुकले तरी येथवर परत येता येईल. मग पहिले पार्टिशन 'एफएससीके.व्हीफॅट'ने तपासून दुरुस्त करावे आणि दुसरे 'ई२एफएससीके'ने. ही तपासणी करताना पार्टिशने माउंट केलेली (वापरासाठी जोडलेली) नसावीत.

आता 'रूटएफएस'मधील 'बूट' निर्देशिका उघडून पाहावी. बुकवर्ममध्ये कर्नलचे पॅकेज आपली मूळ फाइल येथे 'व्हीएमलिनझ' या नावाने, पुढे आवृत्तीचा क्रमांक जोडून ठेवते, आणि तिची प्रत फॅट पार्टिशनवर 'कर्नल८.आयएमजी' म्हणून जाते. जुनी आवृत्ती अद्याप काढून टाकलेली नसेल तर येथे दोन क्रमांक दिसतील. प्रत्येक क्रमांकासाठी 'लिब/मॉड्यूल्स'मध्ये त्याच नावाची निर्देशिका आहे का, हे पाहावे. शेवट 'व्ही८' असलेल्यांपैकी ज्या जुन्या क्रमांकाची मॉड्यूल्स पूर्ण आहेत, त्याची 'व्हीएमलिनझ' फाइल पहिल्या पार्टिशनवर 'कर्नल८.आयएमजी' या नावाने आणि त्याच क्रमांकाची 'इनिटआरडी' फाइल 'इनिटरॅमएफएस८' या नावाने उतरवावी. कर्नल एका आवृत्तीचे आणि इनिट-रॅम-एफएस दुसऱ्या आवृत्तीचे असे होऊ देऊ नये. इनिट-रॅम-एफएसबद्दल खात्री नसेल तर 'कॉन्फिग.टीएक्सटी'मधील 'ऑटो_इनिटरॅमएफएस=१' या ओळीच्या आधी हॅशचे चिन्ह देऊन ती तात्पुरती बंद करावी; रास्पबेरी पायच्या कर्नलमध्ये एसडी कार्डाचा आणि ईएक्सटी४ चा आधार अंगभूत असल्याने कार्डावरून बूट होण्यास तिच्यावाचून अडत नाही. जाता जाता 'बीसीएम२७११-आरपीआय-४-बी.डीटीबी' ही डिव्हाइस ट्रीची फाइल शून्य बाइटची तर झालेली नाही, हेही पाहून घ्यावे.

यानंतर 'सिंक' (लिहायचे राहिलेले सारे कार्डावर उतरवणारी आज्ञा) देऊन, पार्टिशने अनमाउंट करूनच कार्ड काढावे. बोर्ड सुरू झाल्यावर प्रथम 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा द्यावी, म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी होतील, आणि बंद केलेली ओळ असल्यास त्यानंतर ती पूर्ववत करावी. आपल्या भागात शेतीपंपांच्या वाहिनीवरचे भारनियमन ठरलेल्या वेळी असते, त्यामुळे अपडेटची वेळ त्याप्रमाणे निवडता येते. तरीही बोर्डाला बॅटरीचा आधार द्यावा असे आम्ही सुचवू, कारण तेथे नुसता संगणक अडत नाही, बागेचे पाणीही अडते.

प्रश्न : माझ्याकडे रॉकचिपची आरके३३९९ चिप असलेले बोर्ड आहे आणि त्यावर आर्मबियन ही अशा बोर्डांसाठीची लिनक्स प्रणाली आहे. अपडेटनंतर पडदा काळा राहतो, नेटवर्कवरही बोर्ड दिसत नाही. हिरव्या दिव्यातून काही अर्थ लागत नाही. कुठून सुरुवात करावी? (पुणे येथील अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

उत्तर : सिरिअल केबलपासून. रास्पबेरी पायचे दिव्याचे संकेत या बोर्डांना लागू नाहीत, आणि काळ्या पडद्यावरून अंदाज बांधत बसणे व्यर्थ आहे, कारण एचडीएमआय सुरू होण्याच्या कितीतरी आधी बूटलोडर आणि कर्नल बोलू लागलेले असतात, पण ते बोलतात सिरिअल पोर्टवर. यूएसबी-सिरिअल अडॅप्टर ही या छंदातील सर्वांत उपयोगी खरेदी आहे, असे आमचे मत आहे.

अडॅप्टर ३.३ व्होल्टचा असावा. ५ व्होल्टचा संकेत बोर्डाची पिन कायमची निकामी करू शकतो. तीनच तारा जोडाव्यात : ग्राउंडला ग्राउंड, बोर्डाच्या टीएक्सला अडॅप्टरचा आरएक्स आणि आरएक्सला टीएक्स. अडॅप्टरची विजेची तार मोकळी ठेवावी. रास्पबेरी पायवर आणि बहुतेक ऑलविनर बोर्डांवर वेग १,१५,२०० बॉड असतो, पण रॉकचिपच्या बोर्डांवर तो सहसा १५,००,००० बॉड असतो. येथेच अनेकांची फसगत होते : पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात आणि बोर्डच बिघडले असे वाटते. सीपी२१०२ चिपच्या अडॅप्टरची मर्यादा १० लाख बॉडची आहे, त्यामुळे तो येथे चालणार नाही. सीएच३४० चिपचा स्वस्त अडॅप्टर २० लाखांपर्यंत जातो आणि चालतो.

बोर्डाला वीज दिल्यावर ओळी येऊ लागतील त्या जपून ठेवाव्यात. प्रथम स्मृतीची चिप सुरू झाल्याच्या नोंदी येतात, मग यू-बूट या बूटलोडरचा पहिला टप्पा, मग खुद्द यू-बूट आपल्या आवृत्तीसह. काहीच येत नसेल तर दोष कर्नलच्या कितीतरी अलीकडे आहे. रॉकचिपच्या कार्डावर बूटलोडर कोणत्याही पार्टिशनमध्ये नसतो. त्याचा पहिला भाग ६४ व्या सेक्टरपासून आणि दुसरा १६,३८४ व्या सेक्टरपासून थेट लिहिलेला असतो. कर्नलचे पॅकेज त्याला स्पर्श करत नाही, पण पार्टिशने मागेपुढे केली असतील तर तो पुसला जातो. आणखी एक ध्यानात घ्यावे : आरके३३९९ कार्डाच्या आधी बोर्डावरची एसपीआय चिप आणि ईएमएमसी (दोन्ही बोर्डावरच्याच साठवणी) पाहते. ईएमएमसीवर जुने यू-बूट पडून असेल तर नवे कार्ड लावूनही बोर्ड त्या जुन्यानेच सुरू होते. लॉगमध्ये यू-बूटची तारीख दिसते, ती पाहून हे ओळखता येते.

यू-बूटपर्यंत सर्व ठीक असेल तर पुढे 'बूट.एससीआर' ही स्क्रिप्ट सापडल्याची ओळ येईल, आणि मग बहुधा अडचण नावानिशी समोर येईल. 'राँग रॅमडिस्क इमेज फॉरमॅट' असे आले तर 'यूइनिटआरडी' ही फाइल अपुरी आहे. 'बॅड लिनक्स एआरएम६४ इमेज मॅजिक' असे आले तर कर्नलचीच फाइल रिकामी किंवा तुटकी आहे. या दोन्हींचे नेहमीचे कारण म्हणजे बूटची जागा भरून जाणे. अपडेटच्या वेळी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' ही ओळ येऊन गेलेली असते आणि वेगाने सरकणाऱ्या मजकुरात ती कोणाच्या नजरेस पडत नाही.

आर्मबियनच्या 'बूट' निर्देशिकेत 'इमेज', 'यूइनिटआरडी' आणि 'डीटीबी' ही तीन नावे दुवे असतात, आणि प्रत्येक दुवा आवृत्तीचा क्रमांक असलेल्या खऱ्या फाइलीकडे किंवा निर्देशिकेकडे नेतो. कार्ड दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडून हे तिन्ही दुवे एकाच क्रमांकाकडे जातात का आणि तिकडची फाइल खरोखर आहे का, एवढे तपासावे. आमच्या अनुभवात या एका तपासणीने निम्मे काम होते.

लॉग 'स्टार्टिंग कर्नल' या शब्दांवर थांबून पुढे काहीच येत नसेल, तर मात्र धीराने घ्यावे लागते. कर्नल तेव्हा मेलेलेच असते असे नाही. त्याला कुठे बोलायचे हे कळलेले नसते इतकेच. 'आर्मबियनईएनव्ही.टीएक्सटी' या फाइलीत 'व्हर्बोसिटी=७', 'कन्सोल=बोथ' आणि 'एक्स्ट्राआर्ग्ज=अर्लीकॉन' अशा ओळी लिहून पुन्हा सुरू करावे. तरीही शांतता असेल तर संशय डिव्हाइस ट्रीवर घ्यावा : 'एफडीटीफाइल' या ओळीत आपल्याच बोर्डाचे नाव आहे का, आणि नव्या 'डीटीबी' निर्देशिकेत त्या नावाची फाइल अजून आहे का, हे पाहावे. स्वतः तयार केलेले ओव्हरले (डिव्हाइस ट्रीत भर घालणाऱ्या छोट्या फाइली) असतील तर त्यांच्या ओळी काढून एकदा सुरू करून पाहावे. जुन्या डिव्हाइस ट्रीवर बेतलेला ओव्हरले नव्या ट्रीवर बसेलच असे नाही.

जुन्या कर्नलकडे परतायचे असेल तर एक अडचण आहे. आर्मबियनच्या पॅकेजच्या नावात आवृत्तीचा क्रमांक नसतो, त्यामुळे नवे आले की जुने पूर्णपणे निघून जाते. कार्ड दुसऱ्या एआरएम बोर्डाला जोडून, 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' या निर्देशिका त्यात बांधून 'सीएचरूट' करावे (म्हणजे कार्डावरच्या प्रणालीत शिरावे) आणि आत जाऊन जुन्या आवृत्तीचे 'लिनक्स-इमेज' व 'लिनक्स-डीटीबी' ही दोन्ही पॅकेजेस एकत्र बसवावीत. एकच बसवले तर बिघाड तसाच राहतो. साध्या पीसीवर हेच करायचे असेल तर आधी 'क्यूएमयू-यूजर-स्टॅटिक' लागेल, कारण पीसीचा प्रोसेसर एआरएमचे प्रोग्राम आपणहून चालवू शकत नाही.

प्रश्न : पाय ४ ला यूएसबीने एसएसडी जोडून त्यावरूनच बूट करतो. नव्या कर्नलनंतर 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' या ओळीवर सगळे थांबते. कधी कधी दहा वेळा प्रयत्न केल्यावर एकदा सुरू होते. (ठाणे येथील एक वाचक)

उत्तर : कर्नल सुरू झाले आहे, पण रूट (मुख्य प्रणाली असलेले) पार्टिशन त्याला सापडत नाही, असा या ओळीचा अर्थ आहे. ती सदैव येत असती तर 'सीएमडीलाइन.टीएक्सटी' या कर्नलला द्यायच्या पर्यायांच्या फाइलीतील 'पार्टयूयूआयडी' (पार्टिशनचा खास क्रमांक) आणि 'बीएलकेआयडी' या आज्ञेने दिसणारा क्रमांक जुळतो का, एवढे पाहून प्रश्न सुटला असता. (ती फाइल सलग एकाच ओळीत असावी लागते, मध्ये चुकून नवी ओळ घातली तर पुढचे काही वाचले जात नाही.) पण आपले बोर्ड मधूनच सुरू होते, म्हणजे क्रमांक बरोबर आहे आणि एसएसडी वेळेवर प्रतिसाद देत नाही.

दोन शक्यता आहेत. पहिली विजेची. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात, आणि काही एसएसडी सुरू होताना त्याच्या जवळपास जातात. स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब लावून पाहावे. दुसरी शक्यता साटा-यूएसबी अडॅप्टरची आहे. त्यांतले काही यूएएस या वेगवान पद्धतीत नीट चालत नाहीत, आणि नवे कर्नल त्यांच्याशी जरा वेगळ्या रीतीने बोलू लागले की झाकलेला दोष उघड होतो. लॉगमध्ये 'यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर' असे शब्द दिसले तर हेच कारण समजावे. 'एलएसयूएसबी'ने अडॅप्टरचा क्रमांक पाहावा. तो १५२डी:०५७८ असेल तर 'सीएमडीलाइन.टीएक्सटी'च्या ओळीत आरंभी 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू' असे लिहून एक जागा सोडावी. यूएएस बंद होते, वेग थोडा घटतो, पण चालणे भरवशाचे होते. आम्हाला हा सौदा योग्य वाटतो.

'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' असे शब्द ज्यांना दिसतात, त्यांनी पुढच्या कंसातील आकडे वाचावेत. (०,०) असेल तर कर्नलला उपकरणच सापडलेले नाही. (१७९,२) असेल तर १७९ हा एसडी-ईएमएमसी वर्गाचा क्रमांक आहे, म्हणजे कार्डाचे दुसरे पार्टिशन ओळखले गेले आहे आणि खराबी फाइलप्रणालीत शोधावी. ज्या बोर्डांवर कार्ड आणि ईएमएमसी दोन्ही आहेत, तेथे कर्नल बदलल्यावर 'एमएमसीबीएलके०' आणि 'एमएमसीबीएलके१' यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून 'रूट' या पर्यायात आणि 'एफएसटॅब'मध्ये (कोणते पार्टिशन कुठे माउंट करायचे त्या यादीत) अशी नावे न लिहिता यूयूआयडी किंवा पार्टयूयूआयडी लिहावा.

प्रश्न : बोर्ड सुरू होते, पण वाय-फाय नाहीसे झाले आहे. (रत्नागिरी येथील एक वाचक)

उत्तर : 'यूनेम -आर' ही आज्ञा जो क्रमांक सांगते, त्या नावाची निर्देशिका 'लिब/मॉड्यूल्स'मध्ये आहे का, ते पाहावे. नसेल, तर जुनेच कर्नल चालू आहे आणि त्याची मॉड्यूल्स अपडेटने काढून टाकली आहेत. अपडेटच्या वेळी फॅट पार्टिशन माउंट केलेले नसले की असे होते : नवे कर्नल रूट पार्टिशनवरील त्याच नावाच्या रिकाम्या निर्देशिकेत जाऊन पडते, आणि बोर्ड फॅटवरचे जुनेच उचलते. बुलसआय या आधीच्या आवृत्तीवरून बुकवर्मवर जागच्या जागी चढलेल्यांना हा अनुभव येतो, कारण फॅट पार्टिशनची जागा '/बूट' वरून '/बूट/फर्मवेअर' अशी बदलली. रास्पबेरी पायचे निर्माते मुख्य आवृत्ती बदलताना नव्या कार्डावर नव्याने सुरुवात करा असे सांगतात, ते यासाठीही. फोनचे इंटरनेट यूएसबीने जोडून दुरुस्ती करू पाहिल्यास तेही चालत नाही, कारण त्याचा ड्रायव्हरही मॉड्यूलच असतो. कार्ड दुसऱ्या संगणकाला जोडून पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे नव्या कर्नलची फाइल फॅटवर उतरवावी, आणि 'एफएसटॅब'मधील माउंटची ओळ दुरुस्त करावी.

वाय-फाय वेगळ्या यूएसबी डाँगलचे असेल आणि त्याचा ड्रायव्हर आपण स्वतः बांधलेला असेल, तर तो नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, एवढेच.

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालयातील पाय अपडेटनंतर 'इमर्जन्सी मोड' असे दाखवते आणि रूट खाते कुलूपबंद असल्याचे सांगते. अपडेटमध्येच दोष आहे का? (नाशिक जिल्ह्यातील एक शिक्षिका)

उत्तर : बहुतेक नाही. दोष पुन्हा सुरू करण्याने उघड झाला आहे. अनेक बोर्डे महिनोन्महिने बंद न होता चालतात. त्या काळात कोणी बाहेरची डिस्क काढून नेते किंवा 'एफएसटॅब'मध्ये चुकीची ओळ लिहिते, आणि अपडेटच्या निमित्ताने प्रथमच रीबूट झाले की ती चूक समोर येते. सिस्टमडी (प्रणालीतील सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कसाठी ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाते; रूट, म्हणजे प्रशासकाच्या, खात्याला पासवर्ड नसल्याने तेथून पुढे जाताही येत नाही.

कार्ड दुसऱ्या लिनक्स संगणकात उघडून 'ईटीसी/एफएसटॅब'मध्ये त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस' हे पर्याय घालावेत. मग डिस्क नसली तरी बोर्ड सुरू होईल. दुसरा लिनक्स संगणक नसेल तर विंडोजमध्ये 'सीएमडीलाइन.टीएक्सटी' उघडून त्याच ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/एसएच' लिहावे; बोर्ड थेट शेलमध्ये येईल. तेथे 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' देऊन फाइल दुरुस्त करावी, 'सिंक' द्यावे, आणि नंतर जोडलेले शब्द काढून टाकण्यास विसरू नये.

प्रश्न : कर्नल ६.६ आल्यावर बोर्ड नीट सुरू होते, पण रिले चालत नाहीत. जुनी शेल स्क्रिप्ट १७ क्रमांकाची पिन उघडू शकत नाही. (फोंडा, गोवा येथील एक वाचक)

उत्तर : सिसएफएसमधील (फाइलींतून उपकरणे हाताळण्याच्या कर्नलच्या सोयीतील) पिनांच्या क्रमांकाचा आरंभ बदलला आहे. पाय ४ वर तो आता ५१२ पासून होतो, त्यामुळे १७ च्या जागी ५२९ लिहिल्यास स्क्रिप्ट चालेल. पण ती सोय तात्पुरती समजावी. सिसएफएसची ही पद्धत कर्नलने केव्हाच कालबाह्य ठरवली आहे. 'लिबजीपीआयओडी'च्या आज्ञा वापराव्यात, आणि पायथनमध्ये 'आरपीआय.जीपीआयओ' अडत असेल तर त्याऐवजी 'आरपीआय-एलजीपीआयओ' बसवावे. प्रोग्राम सहसा बदलावा लागत नाही.

प्रश्न : आमची पाय ४ बोर्डे वेगवेगळ्या गावांतील दूध संकलन केंद्रांवर आहेत. प्रत्येक अपडेटनंतर एखादे बंद पडले तर माणूस पाठवावा लागतो. कर्नल अपडेट कायमचे थांबवावे का? (कोल्हापूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : कायमचे थांबवू नये. ही बोर्डे इंटरनेटला जोडलेली आहेत आणि कर्नलमधील सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांना मिळाल्याच पाहिजेत. 'ॲप्ट-मार्क होल्ड'ने कर्नलची पॅकेजेस रोखून धरावीत, जवळच्या एका बोर्डावर नवे कर्नल काही दिवस चालवून पाहावे, आणि मगच इतरांवर रोख उठवावा. 'आरपीआय-अपडेट' ही आज्ञा तर या बोर्डांवर मुळीच वापरू नये. ती चाचणीच्या अवस्थेतील कर्नल आणते, आणि ती नित्याच्या अपडेटसाठी नाही असे तिचे कर्तेच सांगतात.

आपल्यासारख्या कामासाठी पायच्या फर्मवेअरमध्ये एक उत्तम सोय आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे याचे आम्हाला वाईट वाटते. फॅट पार्टिशनवर एक नवी निर्देशिका करून नवे कर्नल, डिव्हाइस ट्री, ओव्हरले आणि 'सीएमडीलाइन.टीएक्सटी'ची प्रत तीत ठेवावी. त्याची मॉड्यूल्स जुन्या मॉड्यूल्सच्या शेजारी असावीत. मग 'कॉन्फिग.टीएक्सटी'ची प्रत 'ट्रायबूट.टीएक्सटी' नावाने करून तीत 'ओएस_प्रीफिक्स' या पर्यायात त्या निर्देशिकेचे नाव, शेवटच्या तिरक्या रेघेसह, लिहावे. 'ओव्हरलेज'च्या प्रतीत 'रीडमी' फाइलही असू द्यावी; ती नसेल तर फर्मवेअर तेथील ओव्हरले न घेता जुनेच घेते. आता 'सुडो रीबूट "० ट्रायबूट"' अशी आज्ञा दिली की फर्मवेअर त्या एका खेपेपुरते 'ट्रायबूट.टीएक्सटी' वाचते. त्यानंतरचा कोणताही रीबूट पुन्हा जुन्या 'कॉन्फिग.टीएक्सटी'वर येतो.

नव्या 'सीएमडीलाइन.टीएक्सटी'मध्ये 'पॅनिक=१०' लिहावे, म्हणजे कर्नल कोसळले तर दहा सेकंदांनी बोर्ड आपोआप रीबूट होऊन जुन्या कर्नलवर परत येईल. सिस्टमडीच्या 'सिस्टम.कॉन्फ'मध्ये 'रनटाइमवॉचडॉगसेक=१५' लिहिल्यास पुढे प्रणाली गोठली तरी बोर्डावरचा वॉचडॉग (प्रणालीचा प्रतिसाद थांबला की रीबूट करणारा टायमर) तेच करतो; या चिपमधला वॉचडॉग सुमारे १५ सेकंदांहून अधिक थांबू शकत नाही, म्हणून त्याहून मोठा आकडा देऊ नये. सिस्टमडी सुरू होण्याआधीच कर्नल निःशब्द अडले तर मात्र वीज बंद-चालू करावी लागेल, पण ते काम केंद्रावरील कोणीही करू शकते आणि त्यानंतर बोर्ड जुन्याच कर्नलने उठते. नवे कर्नल नीट चालल्याचे दुरून पाहिल्यावर 'ओएस_प्रीफिक्स'ची ओळ मुख्य 'कॉन्फिग.टीएक्सटी'मध्ये घालावी.

प्रश्न : हे सारे करूनही दर महिन्याला तेच होते. कार्डच खराब आहे हे कसे ओळखावे? (छत्रपती संभाजीनगर येथील एक वाचक)

उत्तर : कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज' या आज्ञेत 'एमएमसीबीएलके०' या नावासह 'आय/ओ एरर' अशा ओळी येत असतील, किंवा एखादी फाइल बदलून रीबूट केल्यावर बदल नाहीसा होत असेल, तर कार्ड संपले आहे. काही कार्डे आयुष्याच्या अखेरीस लिहिलेले स्वीकारल्याचे भासवतात, पण प्रत्यक्षात काही साठवत नाहीत, आणि असे कार्ड कितीही वेळा पुसले तरी उपयोग होत नाही. त्यावरची माहिती 'डीडी'ने न उतरवता 'डीडीरेस्क्यू'ने उतरवावी. 'डीडी' पहिल्याच वाचनदोषाशी थांबते, तर 'डीडीरेस्क्यू' तो भाग बाजूला ठेवून पुढे जाते आणि अवघड भागाकडे शेवटी परत येते. नवे कार्ड घेतल्यावर त्यावर प्रणाली टाकण्याआधी 'एफ३राइट' आणि 'एफ३रीड' या दोन आज्ञा संपूर्ण कार्डावर चालवाव्यात. ६४ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात ८ जीबीच आहेत अशी बनावट कार्डे बाजारात आहेत, आणि ती पहिले ८ जीबी भरेपर्यंत अगदी बिनतक्रार चालतात.